मेंढीच्या पायाखालची जमीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर विंडोंच्या कडांवरून चालणारी, मधेच घसरून खाली पडणारी आणि कोपऱ्यात जाऊन झोपणारी एक छोटी पांढरी मेंढी होती. तिची मूळ फाइल एका जुन्या हार्ड डिस्कवर सापडली, पण आजच्या विंडोजवर ती उघडतच नाही. ती चालवता येईल का, की नव्याने लिहावी लागेल? शेवटी प्रश्नकर्त्याने जवळजवळ जाता जाता विचारले आहे की, इंटरनेटवर मिळालेली नवी मेंढी हुबेहूब तशीच दिसते, तरी तिच्यात पूर्वीची मजा का नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. फाइल बिघडलेली नाही. ती सोळा बिटी, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातल्या विंडोजसाठी लिहिलेली आहे आणि चौसष्ट बिटी विंडोज असे प्रोग्रॅम चालवतच नाही. तिला चालते करण्याचे निदान तीन मार्ग आहेत, ते पुढे सांगतो. तिसरा प्रश्न मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. गेली अनेक वर्षे जुनी यंत्रे चालती ठेवण्याचे आणि असले पडद्यावरचे प्राणी दुरुस्त करण्याचे, क्वचित नव्याने लिहिण्याचेही काम मी करीत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की बहुतेकांचे लक्ष प्राण्याच्या चित्रांकडे जाते, तो ज्यावर चालतो त्या जमिनीकडे जात नाही. या प्राण्यांची सारी गंमत त्या जमिनीशी त्यांच्या असलेल्या नात्यात होती. चित्रे तीच राहिली तरी जमीन पुरती बदलून गेली आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी मेंढीच्या आधीच्या मांजरापासून सुरुवात करावी लागेल. जपानी भाषेत ‘नेको’ म्हणजे मांजर. या नावाचा प्रोग्रॅम मुळात नाओशी वातानाबे यांनी एनईसी कंपनीच्या पीसी-९८०१ या संगणकासाठी लिहिला. केंजी गोतोह यांनी १९८९ मध्ये तो मॅकिन्टॉशवर आणला आणि पुढच्याच वर्षी मासायुकी कोबा यांनी युनिक्सच्या एक्स विंडो व्यवस्थेसाठी ‘एक्सनेको’ लिहिला. आयबीएमच्या ओएस/२ या कार्यप्रणालीतही हे मांजर होते, आणि विंडोजवर तर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मांजराचे काम एकच, माऊसच्या बाणामागे धावायचे. बाण थांबला की तेही थांबते, तोंड पुसते, अंग खाजवते, जांभई देते आणि झोपी जाते.

एक्सनेकोचा कोड आजही वाचायला मिळतो, आणि या विषयात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी तो आधी वाचायला सांगतो. संपूर्ण मांजर बत्तीस चित्रांत बसवलेले आहे. आठ दिशांना धावण्याची प्रत्येकी दोन अशी सोळा चित्रे, चार बाजूंच्या भिंतींवर नखे घासण्याची प्रत्येकी दोन अशी आठ, आणि उरलेल्या आठांत बसणे, तोंड पुसणे, खाजवणे, जांभई, झोप आणि दचकून जागे होणे. प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ ठिपक्यांचे, केवळ काळ्या-पांढऱ्या रंगाचे, म्हणजे एका चित्राला १२८ बाइट लागतात. बत्तीस चित्रांचे मिळून ४ किलोबाइट होतात. पार्श्वभूमी वगळण्यासाठी प्रत्येक चित्राचा मुखवटा धरला तरी ८ किलोबाइट. आज एखाद्या संकेतस्थळाचे लहानसे बोधचिन्हसुद्धा याहून जड असते.

कोणत्या दिशेचे चित्र दाखवायचे, हे ठरवण्याची रीतही अशीच काटकसरीची आहे. मांजर आणि बाण यांच्यातले सरळ अंतर काढायचे, उभ्या फरकाला त्या अंतराने भागायचे, आणि येणारी संख्या साडेबावीस व साडेसदुसष्ट अंशांच्या साइनशी, म्हणजे साधारण ०.३८३ आणि ०.९२४ यांच्याशी ताडून पाहायची. पहिल्या संख्येपेक्षा कमी असेल तर मांजर आडवे धावत आहे, दुसरीपेक्षा जास्त असेल तर उभे, आणि मधे असेल तर तिरके. हा सगळा हिशेब सेकंदाला आठ वेळा, दर १२५ मिलिसेकंदांनी होतो. सेकंदाला आठच चित्रे हा आकडा आज कोणालाही तुटपुंजा वाटेल, पण पायांच्या दोनच चित्रांवर धावणारे मांजर याहून वेगाने हलवले तर ते धावताना दिसत नाही, थरथरताना दिसते. नव्या आवृत्त्या लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक इथेच पहिली चूक करतात. संगणक वेगवान आहे म्हणून सेकंदाला साठ वेळा हलवतात आणि मांजराचा तेलावरून घसरणारा ठिपका होतो.

या कोडमधली माझी सर्वांत आवडती ओळ मात्र हालचालीची नाही. झोपलेल्या मांजरापासून बाण दूर गेला की ते लगेच धावत सुटत नाही. आधी एक वेगळी अवस्था येते, ज्यात ते अंगावर काटा आल्यासारखे दचकते, क्षणभर तसेच राहते, आणि मग निघते. तांत्रिकदृष्ट्या त्या थांब्याची काहीही गरज नाही. तो काढून टाकला तर प्रोग्रॅम लहानच होईल. पण तो थांबा असल्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की मांजराला आपण जागे केले. या अवस्थेचे चित्र एकच आहे, १२८ बाइटचे.

आता जमिनीकडे वळू. एक्सनेकोतले मांजर स्वतःच्या एका चौकटीत धावत असे. चौकटीच्या कडा म्हणजे त्याच्या भिंती, आणि बाण भिंतीपलीकडे गेला की ते भिंतीवर नखे घासत बसे. नंतर तात्सुया कातो यांनी ‘ओनेको’ लिहिला. त्यात चित्रे जवळपास तीच, हिशेबही तोच, पण मांजर चौकटीतून बाहेर काढून संपूर्ण पडद्यावर सोडले. एवढ्या एका बदलाने ते खेळणे उरले नाही, घरात फिरणारे जनावर झाले. आपण पत्र लिहीत आहोत आणि ते पत्रावरून चालत जात आहे, हा अनुभव चौकटीतल्या मांजराला देता येत नव्हता. स्क्रीनसेव्हर आणि डेस्कटॉपवरचा पाळीव प्राणी यांतला भेदही हाच आहे. स्क्रीनसेव्हर आपण उठून गेल्यावर पडद्याचा ताबा घेतो. हा प्राणी आपण काम करीत असताना आपल्याच कामाच्या पसाऱ्यात राहतो.

हा पसारा हेच रान आहे, ही कल्पना पुढे अनेकांनी वेगवेगळ्या रीतीने वापरली. एक्स विंडोवरच ‘एक्सरोच’ नावाचा एक खोडकर प्रोग्रॅम होता; त्यातली झुरळे उघड्या विंडोंच्या खाली लपून बसत आणि एखादी विंडो हलवली की सैरावैरा पळत सुटत. ‘एक्सपेंग्विन्स’मधले पेंग्विन वरून पडत आणि विंडोंच्या माथ्यावरून चालत. केडीई या लिनक्सवरील डेस्कटॉपसोबत ‘अमोर’ येत असे. त्याचा प्राणी वापरात असलेल्या विंडोच्या शीर्षकपट्टीवर बसून राही, आणि त्याच्या नावाचे पूर्ण रूपच ‘साधनसामग्रीचा करमणूकप्रधान गैरवापर’ अशा अर्थाचे होते. इतक्या प्रामाणिक नावाचा प्रोग्रॅम मी नंतर पाहिलेला नाही.

प्रश्नातली मेंढी याच कुळातली. जपानी चित्रकार तात्सुतोशी नोमुरा यांच्या ‘स्ट्रे शीप’ या मालिकेतल्या पात्रावरून ती १९९५ मध्ये विंडोजसाठी तयार झाली आणि पुढे फ्लॉपीवरून, ईमेलवरून हातोहाती जगभर पसरली. बहुतेकांना ती कोणाची, हे कधीच कळले नाही. ती माऊसमागे धावत नाही. ती स्वतःच्या तंद्रीत असते. चालते, धावते, झोपते, मधेच फूल खाते. प्रोग्रॅम पुन्हा चालवला की दुसरी मेंढी येते. आणि विंडोची वरची कड ही तिची जमीन असते. त्या कडेचे टोक आले की ती पडते, आणि ती उभी असलेली विंडो आपण बंद केली तरी पडते. नेकोला आपण हवे असतो. मेंढीला आपण नको असतो, पण आपल्या प्रत्येक कृतीचा परिणाम तिच्यावर होतो. मला हे नाते अधिक सूक्ष्म वाटते आणि लिहायला अधिक अवघडही.

अवघड अशासाठी की त्यासाठी प्राण्याला भोवतालच्या विंडोंकडे सतत पाहत राहावे लागते. दर काही क्षणांनी प्रोग्रॅमने विंडोजकडून सगळ्या उघड्या विंडोंची यादी मागायची, त्यांतल्या दिसणाऱ्या निवडायच्या, प्रत्येकीचा आयत काढायचा, वरची कड दुसऱ्या विंडोने झाकली नाही ना हे तपासायचे, आणि मेंढीचे पाय त्या कडेच्या उंचीपाशी आहेत का हे पाहायचे. जमीन पायाखालून सरकली तर पडण्याची अवस्था सुरू करायची. विंडो हळूच ओढली तर मेंढी तिच्याबरोबर वाहून न्यायची, जोरात ओढली तर पाडायची, असा फरकही काही चांगल्या प्रोग्रॅममध्ये असतो.

चित्र पडद्यावर उमटवण्याची त्या काळातली युक्तीही सांगायला हवी, कारण जुन्या फाइली चालवल्यावर दिसणारे विचित्र डाग त्यातूनच येतात. विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक विंडो आयताकृतीच असे. मेंढीच्या आकाराची विंडो करण्याची सोय नव्हती. म्हणून त्या वेळचे प्रोग्रॅम प्राण्यामागचा पडद्याचा तुकडा उचलून ठेवीत, मुखवट्याच्या साहाय्याने त्यात प्राण्याच्या आकाराचे भोक पाडीत, त्या भोकात प्राणी बसवीत आणि प्राणी पुढे सरकला की उचललेला तुकडा जागेवर ठेवून देत. मधल्या काळात खालच्या विंडोतला मजकूर बदलला तर जुनाच तुकडा परत ठेवला जाई आणि पडद्यावर शिळ्या मजकुराचे ठिगळ दिसे. विंडोज ९५ पासून विंडोला हवा तो आकार देता येऊ लागला. एक्स विंडोमध्ये ही सोय शेप नावाच्या विस्ताराने आधीच आली होती. विंडोज २००० मध्ये अर्धपारदर्शक स्तरित विंडो आल्या आणि हा प्रश्न कायमचा मिटला. आज प्राण्याची सावलीसुद्धा मऊ काढता येते. ती काढू नये, असे माझे मत आहे. कडक काळ्या रेघेचा प्राणी कोणत्याही पार्श्वभूमीवर उठून दिसतो.

आता ती फाइल. चौसष्ट बिटी विंडोजमध्ये सोळा बिटी प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नाही. पुष्कळदा याचे कारण प्रोसेसरवर ढकलले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. प्रोसेसर चौसष्ट बिटी पद्धतीत असताना आभासी ८०८६ ही, म्हणजे जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखे वागण्याची पद्धत मिळत नाही, त्यामुळे विंडोजच्या आधीच्या डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, हे बरोबर. पण सोळा बिटी विंडोज प्रोग्रॅमना लागणारी संरक्षित पद्धत तिथेही शिल्लक असते, म्हणूनच चौसष्ट बिटी लिनक्सवर वाइन हा, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम अशा फाइली चालवू शकतो. मायक्रोसॉफ्टने तो भाग वगळला याचे मोठे कारण असे की, विंडोजमधल्या प्रत्येक वस्तूची ओळख सांगणारा क्रमांक चौसष्ट बिटी विंडोजमध्ये सोळा बिटांत कोंबता येत नाही.

पहिला मार्ग विनईव्हीडीएम या मुक्त प्रकल्पाचा. वाइनचाच कोड वापरून तो सोळा बिटी प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर चालवतो. मेंढी थेट आपल्या रोजच्या डेस्कटॉपवर येते हा त्याचा फायदा, आणि तोच त्याचा तोटा, हे पुढे दिसेल. दुसरा मार्ग लिनक्स व वाइन यांचा. तिथे मेंढी चालते, पण तिला फक्त वाइनमधल्या विंडो दिसतात, बाकीचा डेस्कटॉप तिच्या लेखी रिकामे आभाळ असतो. तिसरा मार्ग संपूर्ण जुना संगणकच उभा करण्याचा. जुने यंत्र चालू स्थितीत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ८६बॉक्स या प्रोग्रॅममध्ये त्या काळातला प्रोसेसर, चित्रकार्ड आणि ध्वनिकार्ड निवडून त्यावर विंडोज ९५ किंवा ९८ बसवता येते. वेगवान आभासी यंत्रांपेक्षा, म्हणजे संगणकात दुसरा संगणक उभा करणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅमपेक्षा, ८६बॉक्स मुद्दाम निवडावा, कारण तो वेगही जुनाच ठेवतो. मूळ विंडोज ९५ तर २ गिगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर सुरू होतानाच कोसळू शकते. आभासी यंत्राला मेमरी देताना हात आखडता ठेवावा. ५१२ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरी विंडोज ९८ ला झेपत नाही, आणि मेंढीला तर ३२ मेगाबाइटही भरपूर झाले. रंगांची संख्या २५६ ठेवून एकदा अवश्य पाहावे. या प्राण्यांची चित्रे बहुधा तेवढ्याच रंगांच्या हिशेबाने काढलेली असत.

तिसऱ्या मार्गाने मेंढी पुन्हा पाहिली की शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. तो पडदा ६४० बाय ४८० किंवा ८०० बाय ६०० ठिपक्यांचा असे. ३२ ठिपके रुंदीचे मांजर ६४० ठिपक्यांच्या पडद्यावर शेजारी शेजारी वीस वेळा मावते. ३८४० ठिपक्यांच्या आजच्या पडद्यावर एकशेवीस वेळा. म्हणजे पूर्वी जे घरातले मांजर होते ते आता मैदानातली मुंगी झाले आहे. मोठे करून काढावे तर ठिपके फुगतात. तिथे निदान दुप्पट, तिप्पट असे पूर्णांकातच वाढवावे आणि कडा गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, कारण दीडपट केलेल्या चित्रात काही रेघा एक ठिपक्याच्या आणि काही दोन ठिपक्यांच्या होऊन प्राण्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

पण आकारापेक्षा मोठा बदल विंडोंच्या वापरात झाला आहे. त्या लहान पडद्यावर आपण तीनचार छोट्या विंडो एकमेकींवर अर्धवट टाकून काम करीत असू: एक फाइलींची, एक नोटपॅडची, एक गणकयंत्राची. त्यांच्या कडांनी पडद्यावर पायऱ्या, गच्च्या आणि कडे तयार होत, आणि मेंढीला चढाउतार करायला ते पुरेसे असत. आज बहुतेकजण एकच ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडून बसतात. पूर्ण मोठ्या केलेल्या विंडोची वरची कड पडद्याच्या वरच्या टोकाशी, हिशेबात तर किंचित पलीकडेच असते. तिच्यावर कोणी उभे राहिले तरी दिसणार नाही. मेंढीच्या वाट्याला उरते ती टास्कबारची एकच सपाट पट्टी. तीच मेंढी, तेच तिचे पाय, पण रान नांगरून सपाट केलेले. नव्या आवृत्तीत मजा नाही, याचे कारण तिच्या लेखकाच्या हातात क्वचितच असते.

काही कारणे मात्र लेखकाच्या हातात असतात, आणि आपण नव्याने लिहायला घेणार असाल तर ती आधीच ठाऊक असलेली बरी. विंडोज १० पासून विंडोंच्या डाव्या, उजव्या आणि खालच्या बाजूंना, आकार बदलण्यासाठी धरता यावे म्हणून, काही ठिपक्यांची अदृश्य कड असते. विंडोचा आयत नेहमीच्या रीतीने मागितला तर उत्तरात ही अदृश्य कडही धरलेली असते. परिणामी मेंढी विंडो संपल्यावरही सातआठ ठिपके हवेत चालत जाते आणि मग पडते. यावर उपाय म्हणजे आयत विंडो-संयोजकाकडून, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून पडद्यावर मांडणाऱ्या विंडोजच्या भागाकडून, त्याच्या ‘एक्स्टेंडेड फ्रेम बाउंड्स’ या गुणधर्मातून घ्यावा. याहून चक्रावणारी गोष्ट ‘क्लोक्ड’ विंडोंची. पार्श्वभूमीत निजवून ठेवलेली काही अॅप आपली विंडो दिसते आहे असेच सांगतात, पण ती पडद्यावर कुठेच नसते. हे न तपासल्यामुळे माझ्या एका प्राण्याने एकदा पडद्याच्या मधोमध, हवेत, अर्धा दिवस मुक्काम ठोकला होता. चूक शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्याला एका अदृश्य सेटिंग्ज विंडोच्या माथ्यावर छान सपाट जागा मिळाली होती.

दोन पडदे जोडलेले असतील तर मुख्य पडद्याच्या डावीकडच्या पडद्यावरच्या जागा दाखवणारे आडवे अंक ऋण असतात, हे विसरू नये. शून्याच्या खाली गेलेल्या प्राण्याला परत उजवीकडे ढकलणारा जुना कोड तिथे निरुपद्रवी राहत नाही. दोन पडद्यांची उंची वेगळी असेल तर त्यांच्यामध्ये जी पायरी पडते तिचे काय करायचे, हे आधी ठरवावे. मी तिथे प्राण्याला पडू देतो.

वेळेचा हिशेब हा आणखी एक सापळा. विंडोज ३.१ आणि ९५ मधला साधा टायमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळाच, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांनी वाजू शकत असे. त्या काळातल्या लेखकाने १० मिलिसेकंद मागितले तरी त्याला ५५ च मिळत, आणि तो आपल्या प्राण्याची चाल डोळ्यांनी पाहून त्यावरच बसवीत असे. तोच आकडा आजच्या विंडोजवर कोडमधून जसाच्या तसा उचलला तर प्राणी तिप्पटचौपट वेगाने पळू लागतो. म्हणून जुन्या कोडवर नव्हे, जुन्या यंत्रावर चालणाऱ्या प्राण्यावर विश्वास ठेवावा आणि त्याची चाल मोजावी.

लिनक्सवर लिहिणार असाल तर वेलँड या नव्या प्रदर्शन व्यवस्थेची अडचण मूलभूत आहे. सुरक्षेच्या कारणास्तव ती कोणत्याही प्रोग्रॅमला इतर विंडो कुठे आहेत हे सांगत नाही, किंबहुना स्वतःची विंडो पडद्यावर नेमकी कुठे आहे हेही कळू देत नाही. हा निर्णय योग्यच आहे. दुसऱ्याच्या विंडो पाहू शकणारा प्रोग्रॅम मेंढीच असेल असे नाही. पण ज्या प्राण्याला जमीनच दिसत नाही त्याला चालता येत नाही, त्यामुळे तिथे प्राणी डेस्कटॉपच्या संयोजकाचाच एक विस्तार म्हणून लिहावा लागतो.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर फाइलीबद्दलही सांगतो. आपल्या जुन्या डिस्कवरची फाइल ही आपल्याकडची सर्वांत विश्वासार्ह प्रत आहे. ती जपावी आणि इंटरनेटवरून नवी प्रत उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. या प्राण्यांच्या नावाखाली नको ते गळ्यात बांधण्याची परंपरा जुनी आहे. बोंझीबडी हा जांभळ्या गोरिलाचा सोबती १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला; आधी त्यात मायक्रोसॉफ्ट एजंटमधला पीडी नावाचा हिरवा पोपट होता, मग गोरिला आला. तो गाई, विनोद सांगे आणि जाहिरातीही दाखवी. मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००४ मध्ये त्याच्या कंपनीला ७५,००० डॉलरचा दंड भरायला लावला. मी स्वतःही एकदा मांजराचा संच म्हणून उतरवलेल्या फाइलीतून ब्राउझरला चिकटणाऱ्या दोन पट्ट्या पदरात पाडून घेतल्या होत्या. तेव्हापासून अनोळखी प्राणी मी आधी नेटवर्क तोडलेल्या आभासी यंत्रातच सोडतो.

मायक्रोसॉफ्ट एजंटचा उल्लेख आला म्हणून एक बारकावा. १९९७ च्या सुमारास आलेली ही व्यवस्था चित्रे, हावभाव आणि बोलणे असे सगळे तयार देत असे. मर्लिन जादूगार, जिनी, रोबी आणि पीडी ही तिची पात्रे, आणि ऑफिसमधली ती कागदाची क्लिप त्यांचीच भावकी. विंडोज ७ पासून ही व्यवस्था काढून टाकली गेली. त्या पात्रांची चित्रे मेंढीपेक्षा कितीतरी सफाईदार होती, हालचालींना अनेक चौकटी होत्या, आणि तरीही त्यांची आठवण बहुतेकांना वैतागासकट येते. क्लिपला आपले लक्ष हवे असे. ती काम अडवून विचारी. मेंढीने कधी कोणाला काही विचारले नाही. १९९५ मध्ये पीएफ मॅजिक या कंपनीने आणलेल्या ‘डॉग्झ’मधली कुत्री लाड मागत, पण त्यांना बाजूला सारता येई, तमागोची हा हातात मावणाऱ्या खेळण्यातला प्राणी त्याच्या पुढच्या वर्षी आला आणि त्याने तर उपाशी ठेवले की मरण्याचा धाक घातला. नव्याने लिहिणाऱ्याने यांपैकी कोणाच्या वाटेने जायचे ते आधी ठरवावे. माझा कौल उघडच मेंढीला आहे. आवाज नको, फुगा नको, सूचना नको.

वागणूक लिहिताना अवस्थांची एक छोटी तालिका करावी आणि प्रत्येक अवस्थेतून पुढे कुठे जायचे याला वजने द्यावीत. २००९ च्या सुमारास जपानमधून आलेल्या, जावात लिहिलेल्या ‘शिमेजी’ या प्राण्यांत ही तालिका वेगळ्या साध्या फाइलीत ठेवलेली असते, आणि ती पाहून शिकण्यासारखी आहे. वजने देताना एक गोष्ट पाळावी. प्राण्याने बराचसा वेळ काहीही करू नये. नवशिका लेखक बारा करामती लिहितो आणि त्या बारा मिनिटांत दाखवून मोकळा होतो. मग तेराव्या मिनिटाला प्राणी शिळा होतो. आठवड्यातून एकदाच दिसणारी करामत, आणि तीही आपण पाहत असू तेव्हाच घडेल याची खात्री नसलेली, हीच लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. चालणे, थांबणे आणि झोपणे यांत नव्वद टक्के वेळ गेला तरी हरकत नाही. प्राणी झोपला की टायमरही सैल करावा, सेकंदाला एकदा पुरे. नाहीतर झोपलेली मेंढी लॅपटॉपची बॅटरी खात राहते.

आपल्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन. आधी फाइलीच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात. मग ८६बॉक्समध्ये विंडोज ९८ बसवून, ८०० बाय ६०० च्या पडद्यावर नोटपॅडच्या चार लहान विंडो तिरक्या पायऱ्यांसारख्या मांडाव्यात आणि मेंढी सोडून तासभर तिच्याकडे पाहावे. हे काम वाटते तितके वाईट नाही. पडद्याचे चित्रण करून एकेक चौकट पुढे नेत प्रत्येक हालचाल किती मिलिसेकंद टिकते आणि प्रत्येक पावलाला ती किती ठिपके सरकते, हे वहीत उतरवावे. पडताना तिचा वेग वाढत जातो की एकसारखा राहतो, कडेशी आल्यावर ती थबकते का, उठताना किती वेळ घेते, हे नवी मेंढी लिहिताना उपयोगी पडेल. आणि नवी मेंढी आपल्या आजच्या डेस्कटॉपवर सोडाल तेव्हा ब्राउझर पूर्ण पडदाभर न ठेवता थोडा लहान करून, त्याच्या वर दोन बोटे जागा मोकळी सोडावी.